वीज उपलब्ध : होय

आमच्या ऑफिसात एक छापील फॉर्म आहे. त्याच्या अकराव्या रकान्यात प्रश्न आहे, 'प्रस्तावित जागी वीज उपलब्ध आहे का?' पुढे दोन चौकोन, एक होयचा आणि एक नाहीचा. त्या दिवशी मी होयच्या चौकोनात बरोबरची खूण केली आणि चहा प्यायला खाली गेले. आयुष्यात मी याहून मोठ्या चुका केल्या आहेत, लग्नासकट. पण इतकी पाठीमागे लागलेली चूक दुसरी नाही.

खोटं म्हणावं तर ते धड खोटंही नव्हतं. पाड्यावर विजेचा खांब होता, तारा होत्या, घराघरात एकेक बल्ब होता. मी स्वतः त्या बल्बखाली बसून भाकरी खाल्ली होती. आणि नाहीची खूण केली की काय होतं ते मला तोंडपाठ होतं. फाइल परत येते, 'वीज उपलब्धतेबाबत खुलासा करावा' असा शेरा मारून. खुलासा करेपर्यंत मार्च उलटतो, आणि मार्च उलटला की मंजुरी बुडते. असं माझ्या बाबतीत आधी दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा साहेब जव्हारच्या ऑफिसात पंख्याखाली बसले होते आणि पाड्यावर जाऊन बायकांना तोंड दाखवायला मी गेले होते.

आमची विकास यंत्रणा आहे जव्हारात आणि तिचं काम आहे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यापाड्यांत. काम सांगायला सोपं आहे. इथल्या माणसांना इथेच, घराजवळ, कमाईचं काहीतरी साधन उभं करून द्यायचं, म्हणजे दिवाळी झाली की घरं बंद करून त्यांना वीटभट्ट्यांवर जावं लागणार नाही. मी या कामावर क्षेत्र समन्वयक आहे. म्हणजे नाव मोठं आणि नेमणूक अकरा महिन्यांची. दर अकरा महिन्यांनी एक दिवस मला घरी बसवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नवीन म्हणून घेतात. मी जव्हारातच जन्मले, शिकायला आणि नांदायला नाशिकला गेले, आणि दोन्ही आटोपून वडिलांच्या घरी परत आले. तेव्हापासून ठाण्याला, पुण्याला, कुठे कुठे अर्ज केले. आता वय चव्वेचाळीस आहे आणि अर्ज करायचं मी सोडलं आहे.

ज्या पाड्याची ही गोष्ट, तो मोखाड्याहून जीपने अर्धा रस्ता आणि पुढे पायी चढून जावा लागतो. तिथे बायकांचा बचत गट होता. गटाची अध्यक्ष माझ्याहून दहा वर्षांनी लहान, अंगाने काटकुळी, बोलायला कमी. बोलली की मात्र अशी थेट बोलायची की समोरच्याने आपली वही चाळायला लागावं. तिच्या बोलीत 'तुम्ही' नाहीच. तहसीलदार असो की मी, सगळे 'तू'. पहिल्या भेटीत मला ते खटकलं होतं, हे कबूल करते. पुढे माझ्या लक्षात आलं की जव्हारात मला 'तू' म्हणणारं आता कुणी उरलेलंच नाही.

यंत्र यायचं होतं ते नागलीचं. नागली म्हणजे नाचणी. इथे तिला नागलीच म्हणतात. नागली निवडायची, तिचा कोंडा काढायचा, दळायची, पिशव्यांत भरायची आणि त्या पिशव्या शिरपामाळावर आमच्या स्टॉलवर विकायच्या, अशी योजना. शिरपामाळावर महाराजांचा मुक्काम झाला होता म्हणून शनिवार-रविवारी शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, फोटो काढतात आणि परत जाताना काहीतरी 'गावचं' न्यायला बघतात. योजना वाईट नव्हती. आजही मला ती वाईट वाटत नाही.

भट्टीवर माणसं न्यायला मुकादमाची गाडी यायच्या आधी अध्यक्षबाईने मला अंगणात बसवून विचारलं, "यंत्र येल का नाय? खरं सांग."

"दिवाळीला येईल."

"नक्की?"

"मंजुरी झाली आहे. कागद माझ्याकडे आहे."

तिने घराकडे बघितलं. आत तिची मुलगी भिंतीला टेकून गणितं सोडवत होती. दहावीला होती ती. दोन वर्षांपूर्वी आईबापांबरोबर तिला भट्टीवर नेलं होतं, धाकटं भावंड सांभाळायला आणि भाकऱ्या थापायला. परत आली तेव्हा वर्ग पुढे निघून गेला होता, आणि ते भरून काढता काढता पोरीच्या नाकी नऊ आले होते. आता दहावीच्या वर्षी पुन्हा भट्टीवर नेली असती तर शाळा संपलीच होती.

"मंग मी नाय जात," ती म्हणाली.

इतकंच. त्या चार शब्दांमागे काय होतं ते मला माहीत होतं. भट्टीवर जोडी लागते, नवरा आणि बायको. जोडीतली बाईच जागची हलेना म्हटल्यावर नवरा एकटाच ठाण्याकडे बांधकामावर गेला, तेही कुरकुरत. तिच्याकडे बघून गटातल्या आणखी सातआठ जणी थांबल्या. मुकादमाची गाडी यंदा पाड्यावरून निम्मी रिकामी गेली. साहेबांनी तेवढ्यावर अहवालात 'स्थलांतरास आळा' असं वाक्य घालायला लावलं. मीही घातलं.

यंत्र खरंच आलं. माणसांनी दोरखंड बांधून, बांबूवर घेऊन ते वर चढवलं आणि समाजमंदिरात ठेवलं. उद्घाटनाला पाहुणे येणार होते, म्हणून जव्हारच्या मंडपवाल्या चाचांना माइक आणि दिवे लावायला बोलावलं होतं. बाजारपेठेत त्यांचं मंडपाचं आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या लग्नाचा मंडपही त्यांनीच घातला होता, आणि पुढचं सगळं माहीत असूनही त्याबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, यंत्राच्या मोटारीवरची पत्र्याची पट्टी वाचली, बाहेर जाऊन खांबाकडे बघितलं आणि परत आले.

"बेटी, ही थ्री फेजची मोटार आहे."

"मग?"

"इथे सिंगल फेज आहे. बल्ब लागतो त्याच्यावर. हे नाही चालणार."

मी विचारलं, मोटार बदलता येणार नाही का? त्यांनी वरच्या बल्बकडे बोट केलं. भर दुपारी लावलेला तो बल्ब आतल्या तारेपुरता लाल झाला होता. "एवढ्या करंटवर कोणती मोटार फिरणार? जळून जाईल." अकराव्या रकान्यातली ती खूण मला समोर दिसली. पेन निळं होतं, तेसुद्धा आठवलं.

पाहुणे परवावर आले होते. मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "जनरेटर लावा. लाइनचं नंतर बघू." चाचांनी लग्नातला जनरेटर टेम्पोतून जीपच्या रस्त्यापर्यंत आणला आणि तिथून पोरांच्या खांद्यावर तो वर गेला. उद्घाटन झालं. बायकांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, फीत कापली गेली, आणि यंत्र असं धडधडत सुरू झालं की समाजमंदिरावरचे पत्रे थरथरले. अध्यक्षबाईने तळहातावर पीठ घेऊन फोटो काढून घेतला. त्या फोटोत ती हसते आहे. तो फोटो आजही आमच्या ऑफिसात साहेबांच्या खुर्चीमागे आहे, आणि साहेबांशी बोलताना मला रोज त्याच्याकडेच बघावं लागतं.

पाहुणे गेले, आणि पोरांनी जनरेटर पुन्हा खांद्यावर घेतला. ती दारात उभी राहून बघत होती.

"ह्यो परत चालला?"

"हो. तुमची मोठी लाइन येईल ना आता. पंधरा दिवसांत."

पंधरा दिवस हा आकडा कुठून आला, देव जाणे. ऑफिसात आम्ही सगळ्यालाच पंधरा दिवस म्हणतो.

विजेच्या ऑफिसात मी सातव्या दिवशी गेले. तिथला कारकून सज्जन माणूस होता. रागवायलासुद्धा वाव ठेवला नाही त्याने. माझा अर्ज शांतपणे वाचला, आमच्याच प्रस्तावाची प्रत काढली आणि त्या रकान्यावर बोट ठेवलं. "मॅडम, तुमच्या कागदावर वीज उपलब्ध आहे. असलेल्या विजेसाठी मागणी कशी करता येईल?"

"ती सिंगल फेज आहे हो."

"हां. पण रकान्यात सिंगल-थ्री असं काही विचारलेलं नाही. तुमच्या यंत्रणेकडून आधी दुरुस्तीचं पत्र आणा, की पूर्वीची माहिती चुकीची होती. मग नवीन मागणी करा."

मी साहेबांकडे गेले. साहेबही वाईट नाहीत. त्यांना निवृत्तीला थोडीच वर्षं उरली आहेत आणि त्यांना शांतपणे निवृत्त व्हायचं आहे. ते म्हणाले, "दुरुस्तीचं पत्र द्यायचं म्हणजे चुकीची माहिती कोणी दिली ते लिहावं लागेल. तुमची सही आहे. पुढच्या महिन्यात तुमची मुदतवाढ आहे. आणि वीज नाही म्हटलं की यंत्र दुसऱ्या तालुक्याला द्या असा हुकूम येईल. मग त्या बाईला काय सांगाल?" यातलं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. मी परत येऊन टेबलावरच्या फाइली आवरल्या. राग आला की मी फाइली आवरते. त्या महिन्यात माझं टेबल ऑफिसात सगळ्यांत स्वच्छ होतं.

मग पहिल्या महिन्याचा उत्पादन अहवाल द्यायची तारीख आली. भरायला काही नव्हतं. मी ठरवलं, पाड्यावर जायचं, सगळ्या बायकांना बसवायचं आणि सांगायचं की माझं चुकलं, लाइन येत नाही, तुम्ही आपापलं बघा. चढण चढताना मी वाक्यं जुळवत होते. वर पोचले तर घराघरांतून घरघर ऐकू येत होती. यंत्राची नाही, जात्यांची. पाड्यावर जवळपास प्रत्येक घरात कोपऱ्यात एक जुनं जातं पडलेलं असतं. ती सगळी बाहेर निघाली होती आणि जोडीजोडीने बायका दळत बसल्या होत्या. समाजमंदिरात, झाकून ठेवलेल्या यंत्राशेजारी, आमच्याच छापील पिशव्यांत भरलेलं पीठ रचून ठेवलेलं होतं. पिशवीवर लिहिलं होतं, 'आधुनिक यंत्रावर स्वच्छ केलेले'.

"हे काय केलंत?" मी म्हटलं.

अध्यक्षबाईने पदराने कपाळावरचं पीठ पुसलं. "खालच्या गिरणीत नेला व्हता आधी. तो मिरची दळतं त्याच दगडावर. पीठ तिखट झाला. मंग जात्यावर घेतला." आणि समजावल्यासारखं म्हणाली, "तुझा काम अडला ना? आमी सावड घातली."

सावड म्हणजे काय हे मला नव्याने सांगायची गरज नव्हती. आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. लावणी असो, कापणी असो, घर शाकारणं असो. तिला हिशेब नसतो, फक्त घेतलेली सावड आपल्या अंगाने राबून परत करायची असते. पैसे देऊन ती फिटत नाही, आपल्याऐवजी मजूर धाडूनही फिटत नाही. मी एकदा अहवालात या प्रथेला 'परस्पर सहकार्याची परंपरा' असं नाव देऊन शाबासकी मिळवली होती. ती आपल्यावर कुणी घालेल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. त्या बायकांना वाटलं होतं, बाई चांगली आहे, हिचं काम अडलंय, वरून हिला बोलणी बसतील. म्हणून त्यांनी माझा अहवाल दळून दिला.

मी तिथेच त्यांना थांबवायला हवं होतं. जुळवलेली वाक्यं तयार होती. मी खाली बसले, दिलेला काळा चहा प्याले आणि पिशव्या मोजून अहवाल भरला. मला सुटल्यासारखं वाटलं, याची आज सगळ्यांत जास्त लाज वाटते.

शिरपामाळावर पीठ खपलं. नुसतं खपलं नाही, माणसं परत परत मागायला लागली. एक बाई माझ्यासमोर नवऱ्याला म्हणाली, "अगदी जात्यावरच्यासारखं आहे रे!" जात्यावरचं असं खरं लिहिलं असतं तर दीडपट भावाने गेलं असतं, पण योजना यांत्रिकीकरणाची होती, त्यामुळे जातं हा शब्द पिशवीवर येणं शक्यच नव्हतं. मी तिथे उभी राहून हसले आणि मग माझा मलाच इतका संताप आला की त्या बाईला सुट्टे पैसे परत द्यायला विसरले.

मागणी वाढवून आली. 'यशस्वी केंद्र' म्हणून आमच्या पाड्याचं नाव वर गेलं. माझी मुदतवाढ झाली, एका दिवसाचा खंड देऊन.

पौषात मुकादमाची गाडी दुसऱ्यांदा आली. यंत्र तर चालत नाही, जात्यावर मान मोडून किती दिवस दळायचं, असं म्हणून थांबलेल्यांतल्या बहुतेक जणी गेल्या. त्यांना दोष कसा द्यायचा? अध्यक्षबाई थांबली. तिची सासू होती, पण तिचे हात आता खुंटा ओढण्याजोगे राहिले नव्हते. आणि जात्याला दोन माणसं लागतात. एकटीने दळता येतं, पण मणाचं दळण एकटीने होत नाही. म्हणून जात्याच्या दुसऱ्या बाजूला तिची मुलगी बसायला लागली.

हे मला लगेच कळलं नाही, कारण मी आठवड्याच्या बाजारी मोखाड्यातच पिशव्या ताब्यात घेऊन परत फिरत होते. वर जायला मला तोंड नव्हतं. पूर्वपरीक्षा झाल्यानंतर एका दुपारी गेले. मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. पोरीच्या मांडीशेजारी विज्ञानाचं पुस्तक उघडं होतं, ते उडू नये म्हणून त्यावर नागलीचं सूप ठेवलेलं. ती एका हाताने खुंटा ओढत होती आणि व्याख्या पुटपुटत होती. पूर्वपरीक्षेत गणित गेलं होतं, विज्ञान काठावर.

तिने मला विचारलं, "ताई, थ्री फेज म्हणजे काय? आमच्या पुस्तकात नाहीये." ती शाळेतलं मराठी बोलते, आईसारखं नाही.

मी सांगितलं, मला जेवढं कळतं तेवढं. तारा किती, दाब किती, मोठी मोटार का फिरत नाही.

तिने ऐकून घेतलं. मग खांबाकडे बघत म्हणाली, "मग हे यंत्र आणायच्या आधीच दिसलं असेल ना?"

चिडून नाही म्हणाली. वर्गात शंका विचारावी तसं. तिच्या आईने जात्यात मूठभर नागली टाकली आणि मान वर केली नाही. मला तेव्हा कळलं की आईला हे केव्हाच कळलेलं होतं. बहुधा जनरेटर खाली उतरला त्याच दिवशी.

"दिसलं होतं," मी म्हटलं. "मी बघितलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. पूर्वीची माहिती मी दिली, ती चुकीची होती, केंद्रावर थ्री फेज वीज नाही, यंत्र उद्घाटनानंतर एक दिवसही चाललेलं नाही, पीठ जात्यावर दळलेलं आहे. सही केली, पूर्ण नाव घातलं. वाटलं, आता होऊ दे काय व्हायचं ते. साहेबांनी पत्र दोनदा वाचलं, उठून दार लावलं आणि माझ्यासमोर तीन महिन्यांचे उत्पादन अहवाल ठेवले.

"हे कोणी भरले?"

"मीच."

"एवढं पीठ जात्यावर दळलं म्हणता? वर कोण विश्वास ठेवेल? ते म्हणतील, यंत्र चालतंय म्हणून तर पीठ येतंय, ही बाई आता भलतंच काय लिहितेय. चौकशी लागली तर आधी त्या बाईला बोलावतील. खोट्या लेबलाचा माल विकला म्हणून." त्यांनी पत्राची घडी घातली आणि माझ्याकडे दिली. "तुम्ही चांगल्या आहात हो. पण आता उशीर झाला."

मी पत्र फाडलं नाही. ते माझ्या ड्रॉवरमध्ये, मुदतवाढीच्या आदेशाखाली आहे. नोकरी सोडावी असं मनात आलं, आणि मग आलं की मी सोडली तर माझ्या जागी येणारा पहिल्याच आठवड्यात वर जाऊन झाकलेलं यंत्र बघेल आणि इमानदारीने कळवेल, आणि गोत्यात येईल ती अध्यक्षबाई. म्हणजे सुटायचीही सोय मी माझ्या हाताने बंद करून ठेवली होती.

त्या शनिवारी मी सकाळच्या एसटीने मोखाड्याला गेले, जीप पकडली आणि वर चढले. पोरीला म्हटलं, "ऊठ. पुस्तक घे आणि शेजारच्या रिकाम्या घरात जाऊन बस." ती आईकडे बघायला लागली. मी तिच्या जागेवर फतकल मारून बसले आणि खुंट्याला हात घातला.

अध्यक्षबाई मला थांबवेल असं वाटलं होतं. थांबवलं नाही. तिने फक्त माझ्या साडीचा काठ जात्यापासून दूर सारला.

पहिल्या तासातच हाताला फोड आले. मी दात-ओठ खाऊन जातं ओढत होते आणि ते अडखळत होतं. ती म्हणाली, "तू सारखी ओढतंस. अर्धा तू ओढ, मंग सोड. उरलेला मी ओढन." तेवढं जमायला मला दोन शनिवार लागले. परीक्षा संपेपर्यंत मी आठवड्यातून चार दिवस वर जात होते. दैनंदिनीत 'क्षेत्रभेट, उत्पादनविषयक मार्गदर्शन' असं लिहीत होते. दळताना आम्ही फारसं बोललो नाही. एकदा तिने विचारलं, तुला पोर नाही का? मी नाही म्हटलं. तिने नवऱ्याचं विचारलं नाही. समोरासमोर बसून गुडघ्याला गुडघा लागत असताना माणसाला फार विचारावं लागत नाही, असं असेल.

शिमग्याला भट्टीवरची माणसं परत आली आणि पाड्यावर पुन्हा आवाज झाला. त्याच आठवड्यात वरिष्ठांची पाहणी झाली. चाचांनी जनरेटर पुन्हा वर पाठवला, यंत्र तासभर धडधडलं, पाहुण्यांनी पीठ चिमटीत घेऊन बघितलं. त्यांतल्या एकाने माझा हात हातात घेतला आणि तळव्याचे घट्टे बघून विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "बागकाम." साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं.

पोरगी पास झाली. गणितातसुद्धा. निकालाच्या दिवशी शाळेतून तिनेच मला फोन केला आणि मी ऑफिसच्या मोरीत जाऊन रडले, कारण दुसरीकडे दार लावता येत नाही. नाशिकच्या वसतिगृहात तिला जागा मिळाली, अकरावीला. जाताना तिने माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली होती: 'ताई, पुढच्या फॉर्मवर नीट बघा.' तीही ड्रॉवरमध्ये आहे, पत्रावर.

ती गेल्यानंतर दोनतीन दिवसांनी तिची आई जव्हारला आली, आमच्या ऑफिसात, रिकाम्या पिशव्या न्यायला. पावसाळ्यात शिरपामाळावर माणसांची रीघ लागते, त्यामुळे यंदा मागणी मोठी होती, आणि पाड्यावरच्या बाकीच्या बायका लावणीत अडकल्या होत्या. साहेबांनी तिचं कौतुक केलं, यंत्राची काळजी घेता ना, तेलपाणी वेळेवर करता ना, असं विचारलं. तिने हो म्हटलं. माझ्या टेबलावर तेव्हा नव्या फॉर्मांचा गठ्ठा होता; आमच्या केंद्राचं यश बघून तसंच यंत्र आणखी पाड्यांना द्यायचं ठरलं होतं. अकरावा रकाना तसाच होता.

साहेब आत गेल्यावर ती माझ्या टेबलाजवळ आली. पिशव्यांचं गाठोडं डोक्यावर घ्यायच्या आधी टेबलावर ठेवलं.

"पोरगी सुटली," ती म्हणाली.

"सुटली."

तिने माझे हात टेबलावरून उचलले, उलटे करून बघितले, आणि परत जागेवर ठेवले.

"आता जात्याला आपण दोघीच," ती म्हणाली. "शनिवारी लवकर ये."